परत पाठवायचं कुठं?

परभणी जिल्ह्यात जंगल शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नाही. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे, दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर, तिथं काय ते झुडपी रान. मधला सगळा मुलूख गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काळ्या मातीचा, पेरलेला. वनाच्छादनात मराठवाडा राज्यात तळाला आणि परभणी मराठवाड्यातही मागे. असं असूनही रोही, रानडुकरं, हरणं, वानरं, कोल्हे, मोर हे सगळे इथल्या शिवारात आहेत, आणि पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकऱ्याला त्यांचा विसर पडत नाही. हे प्राणी कुठल्या तरी जंगलातून वाट चुकून आले, वनखात्यानं धरून त्यांना परत न्यावं, अशी मागणी तहसीलवरच्या मोर्चात होते, आमदारांच्या निवेदनात असते आणि बातमीच्या शेवटच्या ओळीतही असते. माझं म्हणणं असं की या मागणीतलं ‘परत’ जिल्ह्याच्या नकाशावर कुठंच नाही. हे प्राणी इथलेच रहिवासी आहेत असं धरून अभ्यास सुरू केल्याशिवाय शेतकऱ्याचं नुकसानही थांबणार नाही. आणि तो अभ्यास एका हंगामात उरकणारा नाही. त्यासाठी एखाद्याला आपली उभी कारकीर्द एका मुलखाला द्यावी लागते.

अशी कारकीर्द महाराष्ट्रात घडलेली आहे. विद्या अत्रेय यांनी बिबट्याचा अभ्यास जंगलात बसून केला नाही; जुन्नर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात, उसाच्या फडांत आणि वस्त्यांवर केला. २००१ नंतर जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले गाजू लागले. त्यावर पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, असा धडाका सुरू झाला. उपाय इतका सरळ दिसत होता की त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. धरपकडीआधीच्या वर्षांत जुन्नरमध्ये माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. ती सुरू झाल्यावर ते सतरावर गेले, आणि त्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण दुप्पट होऊन ३६ टक्क्यांवर पोचलं. जिथं बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले वाढले. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी ठिकाणी टाकलेला, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीने बिथरलेला प्राणी तिथं गुमान राहील, हे गृहीतच चुकीचं होतं. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नराला पट्टा लावून माळशेजच्या रानात सोडलं, तर तो शेतं, रेल्वेमार्ग, महामार्ग ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. ‘आजोबा’ हा चित्रपट त्याच्यावरच निघाला.

त्याहून महत्त्वाचं काम अकोल्याचं. विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्ह्यातलं अकोले. तिथल्या शेतांत, ओढ्यांत, गावाच्या कडेला लावलेल्या कॅमेऱ्यांनी जे टिपलं ते २०१३ मध्ये छापून आलं: शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आणि साधारण तितकीच तरसं. शिवाय कोल्हे, खोकड, रानमांजर, उदमांजर. राखीव जंगल नाही, हरणा-सांबरांसारखं रानटी भक्ष्य जवळपास नाही, आणि माणसांची घनता चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त. मग इथला बिबट्या खातो काय? विष्ठेच्या तपासणीतून कळलं की त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही त्या मागे पडल्या, कारण शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं मोकळं. म्हणजे गावातला बिबट्या टिकतो तो गावच्या मोकाट कुत्र्यांवर, आणि ती कुत्री टिकतात उघड्यावर टाकलेल्या उकिरड्यावर. प्राण्याचा अभ्यास करता करता संशोधक ग्रामपंचायतीच्या कचराव्यवस्थेपाशी येऊन पोचला! अमेरिकेत स्टॅनली गेर्ट २००० सालापासून शिकागो शहरातल्या कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांच्या मागावर आहेत. त्यांच्याही अभ्यासात प्राण्याइतकंच शहर उलगडत जातं.

२०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांवर आणि घनता चौरस किलोमीटरला तीनशेच्या आसपास, म्हणजे अकोल्याच्या अभ्यासक्षेत्राच्या जवळपासचीच. तेव्हा ‘इतक्या माणसांत जनावर राहूच कसं शकतं’ हा प्रश्न निकाली निघालेला आहे. इथं ते कसं राहतं, हे मात्र कुणी पद्धतशीर बघितलेलं नाही. अकोल्याचा बिबट्या आणि परभणीचा रोही यांत फरक आहेच. एक कुत्रं नेतो, दुसरा हरभऱ्याचे शेंडे खातो. पण दोघांचा थारा आपणच तयार केलेला आहे. गोदावरीवर बंधारे झाले, पाथरी-सोनपेठ-गंगाखेडच्या पट्ट्यात ऊस वाढला. बारा-चौदा महिने उभं राहणारं, आत ओल आणि अंधार असणारं हे पीक रानडुकराच्या मादीला पिलं घालायला कुठल्याही जंगलाहून सोयीचं. ओढ्या-नाल्यांच्या काठी वेडी बाभूळ माजली, तिच्यात दिवसा दडायचं आणि रात्री सोयाबीन-भुईमुगात उतरायचं. गायरानं घटली, माळ नांगरले गेले, तसं उघड्यावर चरणारं काळवीट आक्रसलं आणि आडोशाला राहणारी डुकरं फोफावली. कोणता प्राणी वाढणार हे आपल्या पीकपद्धतीने ठरवलं. जनावरं ‘घुसली’ म्हणताना हा भाग सोयीस्करपणे राहून जातो.

माणसाच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. त्याची नोंद कोणतंच खातं घेत नाही. फुलपाखरांचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट पाइल यांनी ‘द थंडर ट्री’ या १९९३ च्या पुस्तकात मांडलं की परिसरातला साधा, नेहमीचा जीव दिसेनासा झाला की माणसाची निसर्गाबद्दलची जाण मरते, आणि जाण मेली की पुढचा जीव जाताना कुणाला काही वाटत नाही. हा विचार शहरांना लावला जातो. खेड्याला तो लागू नाही अशी आपली समजूत. ज्वारीच्या राखणीचं काय झालं ते पाहिलं की ती टिकत नाही. कणसात दूध भरलं की पाखरं येणार हे ठरलेलं. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे दूर मध्य आशियाच्या बाजूने इकडे उतरतात आणि शेकड्यांनी एका रानावर बसतात. मग पिकाच्या मधोमध चार लाकडांचा माळा, त्यावर उभा राखणदार, हाती गोफण, बाजूला खड्यांचा ढीग. भोरड्या उजाडताच कोणत्या दिशेने येतात, उठवल्यावर कोणत्या झाडावर जाऊन बसतात, डुक्कर कोणत्या धुऱ्याने शिरतं, कोल्हा कधी ओरडतो, हे त्याला ठाऊक असे. हा संबंध प्रेमाचा नव्हता. तो पाखरांना शिव्याच देत होता. पण ओळख होती, आणि ती रोज ताजी होत होती. सोयाबीन आलं, खरिपाची ज्वारी जवळपास संपली, रब्बीचीही घटली. सोयाबीनला पाखरांची राखण लागत नाही. आखाड्यावर मुक्कामी राहणारा सालगडीही दुर्मिळ झाला. आज शेतकऱ्याला रानातलं जनावर दिसतं ते बहुधा नुकसान झाल्यावर, खुरांच्या ठशांच्या रूपात. ओळख संपून नुसती तक्रार उरली. ग्रामीण माणूस निसर्गाच्या जवळ असतो, हे वाक्य शहरातल्या भाषणांत शोभतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आणि धारदार आहे: सहजीवनाच्या गप्पा अभ्यासकांनी माराव्यात, किंमत दोन एकरवाल्याने मोजावी, हा कुठला न्याय? भरपाईसाठी अर्ज, पंचनामा, सातबारा, बँकेच्या खेपा. हाती येणारी रक्कम बघून पुष्कळजण अर्जच करत नाहीत. शेताभोवती जुन्या साड्या बांधून झाल्या, झटका मशीन लावून झालं. काहींनी तारेत थेट वीज सोडली आणि तिने डुकरांबरोबर माणसंही मेली. हे सगळं खरं आहे. पण नीट पाहिलं तर यातला प्रत्येक उपाय एकट्याने, अंदाजाने केलेला आहे. एकाने झटका लावला की कळप शेजाऱ्याच्या रानात. दोघांनी लावला की तिसऱ्याच्या. रोही ठरावीक जागी लेंड्या टाकतो, त्याचे ढीग वर्षानुवर्षं तिथंच असतात. नुसते ते ढीग नकाशावर मांडले तरी कळपाचा वावर उमगतो आणि सामाईक कुंपण कुठं घालायचं, कुठं वाट मोकळी सोडायची हे ठरवता येतं. नुकसान पिकाच्या कोणत्या अवस्थेत होतं, ओढ्यापासून किती अंतरापर्यंत होतं, हे माहीत असेल तर भरपाईचा पंचनामाही प्रत्येक शेताच्या उंबऱ्यावर अडकणार नाही. आणि मारण्याबद्दल बोलायचं तर परवानगी घेऊन रोही-रानडुकरं मारण्याची तरतूद राज्यात आहे. संख्येचा आधार असेल तिथं डुकरं कमी करायला माझा तात्त्विक विरोध नाही. पण एका वेताला चार-सहा पिलं देणारा प्राणी, त्याचा आडोसा तसाच ठेवून, बंदुकीने किती कमी होणार?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, कारण तो माणसाच्या जिवाचा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुलं होती. रस्ते अडवले गेले, अखेर एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. मग अकोल्याचे कॅमेरे आणि टक्केवाऱ्या काय कामाच्या? कामाच्या आहेत, पण अकोल्यात हल्ले नव्हते म्हणून ते कुठंच होणार नाहीत असं अकोल्याचा अभ्यास म्हणत नाही. माणूस मारणारं जनावर ठार करायला कायद्यात वाव आहे आणि तो वेळेवर वापरलाच पाहिजे. घरातलं पोर गेलेल्या आईला कुणी सहिष्णुतेचे धडे देऊ नयेत. आक्षेप आहे तो दिसेल तो बिबट्या उचलण्याला, कारण जुन्नरचे आकडे सांगतात की त्याने धोका घटत नाही, दुसऱ्या गावाला पोचता होतो. शिरूर-जुन्नरच्या फडांत बिबट्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या जन्मल्या. त्यांनाही पाठवायला ‘मूळ गाव’ नाही. मुंबईत २०११ पासून वनखातं, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून राष्ट्रीय उद्यानाभोवती जे काम केलं, ते कचरा, कुत्री, दिवे आणि बिबट्या दिसल्यावर गर्दी न करणं अशा रटाळ गोष्टींवर होतं. वर्तमानपत्रांच्या वार्ताहरांनाही त्यात सामील करून घेतलं, हे विशेष.

परभणीत हे कुणी करायचं? १९७२ साली दोन गोष्टी झाल्या. मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पिकाचा विचार एकीकडे आणि जनावराचा दुसरीकडे, अशी वाटणी तेव्हापासून चालत आली. विद्यापीठाने परभणी क्रांती भेंडी दिली, परभणी मोती ज्वारी दिली. रोगाला, किडीला, पाण्याच्या ताणाला तोंड देणारी वाणं घडवण्यात तिथल्या माणसांच्या आयुष्याची वर्षं गेली. त्याच पिकावर रात्री येणाऱ्या कळपाला मात्र तशी वर्षं मिळाली नाहीत, कारण तो ‘वनखात्याचा विषय’. वनखात्याकडे जंगल नसलेल्या जिल्ह्यात माणसं मोजकी, तीही पंचनाम्यांत अडकलेली. जैवविविधता कायद्याने २००२ मध्ये गावोगावी समित्या आणि लोकनोंदवह्या आणल्या, त्यामागे माधव गाडगीळ यांचा मोठा विचार होता. पण अनेक ठिकाणी त्या वह्या मुदत गाठायला घाईने भरल्या गेल्या. ज्या माणसाने पंचवीस वर्षं राखण केली त्याला विचारून त्या भरल्या असत्या तर आज कामाला आल्या असत्या.

म्हणून सुरुवात मोठ्या प्रकल्पाने नको. विद्यापीठाची स्वतःची शेकडो हेक्टर प्रक्षेत्रं आहेत, येलदरी आणि निम्न दुधनेच्या काठची गावं आहेत, पाथरीचा ऊसपट्टा आहे. अशा तीन-चार ठिकाणी, प्रत्येकी दोन-तीन गावांत, आखाड्यावर झोपणाऱ्या माणसालाच नोंद ठेवण्याचं मानधन द्यावं: कोणतं जनावर, कोणत्या रात्री, कोणत्या पिकात, कोणत्या धुऱ्याने. सोबत एक तरुण पर्यावरणशास्त्रज्ञ, ज्याची नेमणूक तीन वर्षांच्या प्रकल्पाबरोबर संपणार नाही. दिवाळीला रब्बीची पेरणी आटोपत आलेली असते आणि हरभरा उगवून वर आला की रोही येतातच. पहिला तक्ता त्या आठवड्यापासून भरता येईल.