लयीचा कर्ता कोण?

पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वराकडे निघालेली एखादी दिंडी नाशिकच्या रस्त्यावर थांबून पावली खेळू लागली, म्हणजे समोरासमोर उभ्या टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाजी आणि विणेकरी, अशा त्या मेळ्यात लय नेमकी कोणाच्या हुकमाने चढते, हा प्रश्न वेदान्ताच्या अभ्यासकाने अवश्य विचारावा असा आहे. ‘आता’ असे कोणी म्हणत नाही. पखवाजी मान किंचित उचलतो, समोरच्याचे पाऊल पडण्याआधी त्याचा गुडघा मनोदय सांगून टाकतो, आणि टाळ वाजण्यापूर्वीच सर्वांचे हात एका उंचीला आलेले असतात.

शास्त्रकारांना हे ठाऊक होते. नाट्यशास्त्राने तालाच्या क्रिया सशब्द आणि निःशब्द अशा द्विविध मानल्या असून आवाप, निष्क्राम, विक्षेप आणि प्रवेश या निःशब्द क्रिया म्हणजे केवळ हाताच्या हालचाली होत; हाताने दाखविलेली आजची खालीही ऐकू येण्यापेक्षा दिसतेच अधिक. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने तर गायकाच्या दोषांत अंगे पसरून गाणाऱ्याप्रमाणेच डोळे मिटून गाणाऱ्यासही बसविले आहे. मिटलेल्या डोळ्यांत तल्लीनता पाहणाऱ्या आमच्या रसिकांस हे रुचणार नाही. पण ज्याने साथीदारांकडे पाठ फिरविली, मग ती पापणीने का असेना, त्याची समाधी मला एकट्याची चैन वाटते.

यावर विष्णु दिगंबर पलुसकरांचे नाव कोणी पुढे केले, तर तो आक्षेप हलका नव्हे. लहानपणी फटाक्याने अधू झालेली दृष्टी घेऊन जगलेल्या आणि उत्तरायुष्यात नाशकात रामनाम-आधाराश्रम उभारणाऱ्या या पुरुषाने सबंध सभाच्या सभा नामगजरात ओढल्या. तेव्हा मेळ डोळ्यांच्या मुखत्यारीत नाही, हे कबूल. शेजाऱ्याने घेतलेला श्वासही तेवढाच बोलका असतो. पण श्वास तरी देहाचाच ना?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे मोजताना अधिष्ठान, म्हणजे आचार्यांच्या मते शरीर, आधी येते आणि कर्ता त्यानंतर. केवळ आपल्यालाच कर्ता समजणाऱ्यास खरे दिसत नाही, असा निवाडाही लगोलग दिला आहे. देहाला बंधन म्हणत आलेल्या आमच्या विचारपरंपरेची येथे थोडी अडचण होते. कारण कर्तेपण सोडण्याचा जो उपदेश मनाच्या गळी वर्षानुवर्षे उतरत नाही, तो पायांना एका अभंगात पटतो. आणि दिंडी विसाव्याला थांबताच तोच टाळकरी पाण्याच्या रांगेत इतरांना सारून पुढे कसा घुसतो, याची कैफियत मात्र वेदान्त्यांनीच द्यावी.