सोडणे आणि सोपवणे

'गिव्ह अप' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आपण 'सोडून देणे' असा पाठ करतो आणि तो चूक नाही. पण सिगारेट सोडणारा, कोडे सुटत नाही म्हणून हात टेकणारा आणि पोलिसांच्या स्वाधीन होणारा अशा तिघांनाही इंग्रजीत हेच क्रियापद लागते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ख्रिस्ती भाविक आवडीचा पदार्थ वर्ज्य करतो, तेव्हाही हेच. हार आणि त्याग एकाच शब्दात नांदतात, याला मी भाषेची गरिबी म्हणणार नाही. सोडणे पुण्याचे केव्हा होते, हा धर्मविचारातला अवघड प्रश्न त्या शब्दाने उघडा ठेवला आहे.

1611 सालचे किंग जेम्स बायबल पाहावे. मार्क, लूक आणि योहान या तिघांच्या शुभवर्तमानांत येशूच्या मृत्यूसाठी तिथे एकच शब्दप्रयोग येतो: 'गिव्ह अप द घोस्ट'. यातला 'घोस्ट' म्हणजे प्राण, आत्मा. मूळ ग्रीकमध्ये मात्र क्रियापदे दोन आहेत. मार्क आणि लूक यांच्या क्रियापदाचा अर्थ श्वास सोडणे. योहानाच्या क्रियापदाचा अर्थ हवाली करणे. यहूदा येशूला धरून देतो, पिलात त्याला क्रुसासाठी सोपवतो, तिथेही योहान हेच क्रियापद वापरतो. ज्याला सगळ्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले, तो अखेरीस आपला आत्मा आपण होऊन देतो. इंग्रजी क्रियापदात 'देणे' दडलेले आहे, म्हणून योहानाचा हा अर्थ त्यात मावू शकला.

भाषेचे जाणकार यावर म्हणतील, जोडक्रियापदाचा अर्थ असा सुटा करून शोधू नये. त्यातले 'देणे' कधीच पुसले गेले. त्याच बायबलात, प्रेषितांच्या कृत्यांच्या 12 व्या अध्यायात, किडे पडून मेलेल्या गर्विष्ठ हेरोदालाही हाच शब्दप्रयोग लावला आहे, आणि आज तो बंद पडलेल्या इंजिनालाही लावतात. ही हरकत मला मान्य आहे. नुसता शब्द काहीच ठरवत नाही. पण वापर बरेच सांगतो. कर्माशिवाय 'आय गिव्ह अप' म्हटले की ती हारच असते. त्यागात काय सोडले हे सांगावे लागते. तेवढ्यानेही भागत नाही. गीतेच्या 18 व्या अध्यायात देहाला कष्ट पडतील या भीतीने कर्म सोडणे राजस ठरते आणि अशा त्यागाला फळ नाही. मोहाने सोडणे तामस. सात्त्विक त्यागी कर्म करतच राहतो, सोडतो ती आसक्ती आणि फळाची इच्छा. बाहेरून पाहणाऱ्याला त्याने काही सोडल्याचे कळणारही नाही.

म्हणून या क्रियापदाचे मराठी करताना सरसकट 'सोडणे' लिहू नये. काय सुटले आणि ते कोणाच्या हाती गेले, हे आधी पाहावे. योहानाच्या त्या ओळीला 'सोपवणे' हाच शब्द योग्य आहे.