एका पैचा हिशेब



दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींची समाधी आहे. गुडघे आता गड चढू देत नाहीत. पायथ्याशी बसूनच हात जोडतो. याच गडावर नाथमहाराज स्वामींच्या कचेरीत हिशेब लिहीत. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागवली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आपणांस ठाऊक आहे. चाळीस वर्षे मी ती कीर्तनात सांगितली, एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून. पण ती पै कोणाची, हे कधी विचारले नाही. ती नाथांची नव्हती, स्वामींचीही नव्हती. गडाच्या खजिन्यातली, म्हणजे रयतेच्या घामाची होती.

२००७ साली व्होडाफोन या विलायती कंपनीने हचिसनकडून आपल्या देशातला फोनचा धंदा घेतला. व्यवहार सुमारे ११ अब्ज डॉलरचा. ग्राहक इथले, मनोरे इथले. पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. त्या बेटांवर आयकरच नाही. आपल्या आयकर खात्याने सुमारे ११ हजार कोटी रुपये मागितले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली खात्याच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये कंपनीच्या. सरकारने मग मागील तारखेपासून कायदा बदलला आणि २०२१ मध्ये ती मागणी सोडून दिली.

न्यायालयाचा निकाल शिरोधार्य. कायद्यात नाही ते मागू नये, हेही खरे. पण माउली, कायद्याने देणे लागत नाही, एवढ्याने ऋण फिटते का? मोठमोठ्या कंपन्यांचे हुशार हिशेबनीस आजही रात्री जागवतात. नाथ जागले ते हरवलेली पै सापडावी म्हणून. हे जागतात ते पै कोणाला सापडू नये म्हणून.

बोट दाखवताना माझाच हात थरथरतो. बिदागीची पाकिटे मी आयुष्यभर घेतली, वहीत एकही लिहिले नाही. ‘देवाच्या सेवेचे पैसे, त्याला कसला कर?’ असे मनाला समजावले. तेच माझे केमन बेट. कर लागला असता की नाही, कोण जाणे. मी बेरीजच केली नाही. आणि वारीच्या वाटेवर सरकारी टँकरचे पाणी प्यालो, सरकारी दवाखान्याची गोळी घेतली, ती कोणाच्या पैशाने?

परवा एकादशीला कोरी वही आणली. आठवेल तसे लिहितो आहे. बेरीज निघेल ती निघो. चूक सापडल्याशिवाय टाळी वाजवण्याचा अधिकार नाही.

रामकृष्ण हरी.