दुसऱ्याची सही

म्हैसुरात नवमीला रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, दारात कोहळा फुटतो. इथे ती आयुधपूजा, आपल्याकडे खंडेनवमी. ज्या वस्तूवर पोट आहे तिच्याकडे माणूस त्या दिवशी थांबून बघतो. पण ती नजर कृतज्ञतेची असते, आणि कृतज्ञ नजरेला झीज दिसत नाही.

झीज शोधणारी नजर वेगळी, आणि विमानांना तीच लागते. म्हैसुरात नंजनगूड रस्त्यावर मंडकळ्ळीचा विमानतळ आहे. धावपट्टी १,७४० मीटरची, त्यामुळे येतात ती एटीआरसारखी पंख्याची विमानं. हवेत विमान वळतं, नाक वर-खाली करतं ते पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या पट्ट्यांमुळे : एलरॉन, एलिव्हेटर, रडर. इंजिन बंद पडलं तरी विमान तरंगत खाली आणता येतं. या पट्ट्या अडकल्या तर वैमानिकाच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून या भागांपुरता हँगरचा नियम वेगळा. काम करणाऱ्याची सही पुरत नाही. दुसऱ्याने येऊन पिन, नट, केबलचा ताण, हालचालीची दिशा पुन्हा बघायची आणि मग आपली सही करायची. यात पहिल्याचा अपमान नाही. स्वतः केलेलं काम बघताना डोळा वस्तू बघत नाही, आठवण बघतो.

८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटहून एअर मिडवेस्टचं बीच १९०० उडालं आणि त्याचं नाक खाली येईना. एलिव्हेटरची केबल चुकीची जुळवली गेली होती. जुळवणारा ते काम पहिल्यांदाच करत होता. त्याला शिकवणारा आणि त्याचं काम तपासणारा माणूस एकच होता. कामातल्या काही पायऱ्या गाळायला ज्याने हरकत घेतली नाही, पास करणारी सहीही त्याचीच. २१ जण गेले. एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही : त्या दुरुस्तीनंतर हेच विमान नऊ वेळा सुखरूप उतरलं होतं. दहाव्या वेळी मागच्या बाजूला वजन जास्त झालं.

सुखरूप उतरणं हा पुरावा नव्हे.

३१ जानेवारी २००० ला अलास्का एअरलाइन्सचं विमान ८८ माणसांसह समुद्रात पडलं. शेपटीचा आडवा भाग हलवणारा स्क्रू म्हणजे जॅकस्क्रू; त्याला पुरेसं ग्रीस नव्हतं, त्याच्या नटाचे आटे झिजून गेले होते. ग्रीस भरण्याची आणि झीज मोजण्याची मुदत थोडी थोडी लांबवत नेली होती, तीही रीतसर मंजुरीने. हयगय अशीच येते, कागदपत्रांसकट.

नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ए३२० जातीच्या विमानांतला एलिव्हेटर आणि एलरॉन चालवणारा संगणक दुरुस्त केल्याशिवाय उड्डाण नाही, असा आदेश निघाला. कारण महिन्यापूर्वी एका विमानाने अचानक नाक खाली टाकलं होतं. भारतातली ३३८ विमानं त्यात आली, उड्डाणं खोळंबली. योग्यच झालं. शिफारस सवडीची वाट बघते. सक्ती विमान जमिनीवर ठेवते.

मंडकळ्ळीहून कधी निघालात तर खिडकीतून पंखाकडे बघा. उड्डाणापूर्वी मागच्या कडेची पट्टी एकदा वर जाते, एकदा खाली. ती त्या उड्डाणाआधीची या पट्ट्यांची शेवटची तपासणी असते.