वादळ पाहणारा पहारेकरी

(वाचावयाचे शास्त्रभाग : यहेज्केल, अध्याय ३३, आरंभींचा भाग, १ राजे, अध्याय १९)



वैशाखांतल्या दुपारीं पश्चिमेस वळवाचा काळा ढग चढूं लागला म्हणजे शेतकरी औत सोडून बैल घराकडे वळवितो, आणि घरची माय अंगणांतलें वाळवण उचलून आंत नेते. वादळ दिसलें कीं आडोसा शोधावा, ही मनुष्याची सहज रीत आहे. परंतु अमेरिकेच्या मध्यभागीं असे कांहीं लोक आहेत कीं, वादळाचें चिन्ह दिसतांच ते मोटारींत बसून त्याच्याच दिशेनें निघतात व त्याचीं छायाचित्रें घेतात. आज त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे. कारण त्यांच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, आणि सावध होण्यासारखेंही आहे.

कॅन्सस व ओक्लाहोमा या प्रांतांत जमीन पाटासारखी सपाट असून गव्हाचीं शेतें क्षितिजापर्यंत पसरलेलीं असतात. वसंत ऋतूंत दक्षिणेच्या आखातावरून ऊबदार दमट वारा येतो. पश्चिमेच्या उंच पठारावरून कोरडा वारा येतो. आणि वर आकाशांत थंड हवा असते. खालचा वारा एका दिशेचा व वरचा दुसऱ्या दिशेचा आणि अधिक वेगाचा असला, म्हणजे वर चढणारा मेघ गरगर फिरूं लागतो. त्यांतून गारा व विजा पडतात. आणि कधीं कधीं हत्तीच्या सोंडेसारखी एक भयंकर वावटळ जमिनीस टेकते. तिला तेथें टॉर्नेडो म्हणतात.

असल्या मेघाच्या मागें जाणारे लोक सकाळीं हवामानाचे नकाशे पाहतात, शेंकडों मैल जातात, आणि पुष्कळदां निरभ्र आकाश पाहून रिकाम्या हातांनीं परततात. मेघ सांपडला, तरी ते त्याच्या वाटेंत उभे राहात नाहींत. तो बहुधा ईशान्येकडे सरकतो, म्हणून ते त्याच्या आग्नेयेस, पळून जाण्याचा रस्ता मोकळा ठेवून उभे राहातात. विजेचें चित्र घेण्याची रीतही मनांत धरण्याजोगी आहे. वीज दिसल्यावर कळ दाबावी, तों ती निघून गेलेली असते. म्हणून रात्रीं कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचा डोळा आधींच उघडा ठेवितात आणि वाट पाहतात. मग वीज आपलें चित्र आपणच काढते.

कॅन्ससमध्यें ए. ए. ॲडम्स नांवाच्या गृहस्थानें १८८४ सालच्या एप्रिलांत अशा वावटळीचें चित्र घेतलें. तें अगदीं पहिल्या चित्रांपैकीं एक होय. पुढें १९७३ सालीं, मे महिन्याच्या २४ तारखेस, ओक्लाहोमांतील युनियन सिटी येथें शास्त्रज्ञांनीं वावटळीचीं चित्रें घेतलीं व तीं डॉप्लर रडार यंत्राच्या नोंदींशीं ताडून पाहिलीं. तेव्हां असें कळलें कीं, सोंड भूमीस टेकण्यापूर्वींच वर मेघांत तिची खूण उमटलेली असते. या व अशा इतर शोधांवरून पुढें त्या देशभर तसलीं यंत्रें उभारण्यांत आलीं.

त्याचें फळ २००७ सालीं मे महिन्याच्या ४ तारखेस दिसून आलें. रात्रीच्या काळोखांत एक प्रचंड वावटळ ग्रीन्सबर्ग या सुमारें दीड हजार वस्तीच्या गांवाकडे चालली होती. तिची रुंदी गांवाच्या रुंदीहून अधिक होती. विजेच्या लखलखाटांत मागावरच्या लोकांस ती दिसली व त्यांनीं खबर दिली. यंत्रांतही ती दिसली. भोंगे वाजले आणि लोक तळघरांत उतरले. गांवाचा सुमारें ९५ टक्के भाग मातीस मिळाला. परंतु दहाबारा माणसें सोडून बाकीचीं जिवंत बाहेर आलीं. प्रियांनो, जी वीज भिवविते, तिनेंच त्या रात्रीं संकट दाखविलें, हें विसरूं नका.

पण दुसरी गोष्टही ऐका. २०१३ सालच्या मे महिन्याच्या ३१ तारखेस ओक्लाहोमांतील एल रीनो या गांवाजवळ अडीच मैलांहून अधिक रुंद वावटळ उठली. टिम समारास हे वादळांचे मोठे जाणते असून सावधपणाबद्दल नांवाजलेले होते. त्या दिवशीं वावटळीनें एकाएकीं दिशा बदलली व वेग वाढविला. तींत ते, त्यांचा पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग असे तिघे मरण पावले. ज्ञानी मनुष्यानेंही देवाच्या सृष्टीपुढें नम्र असावें. होरेबावर एलीयापुढून प्रचंड वारा गेला, परंतु परमेश्वर त्या वाऱ्यांत नव्हता. वादळ देवाचें आहे. वादळ देव नव्हे.

आतां आपणांकडे वळूं. यहेज्केलास देवानें पहारेकरी नेमिलें. पहारेकऱ्यानें तरवार येतांना पाहिली आणि शिंग वाजविलें नाहीं, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्यापाशीं मागितला जाईल, असें त्यास कळविण्यांत आलें. ज्याला दिसतें, त्याच्यावर सांगण्याचें ओझें असतें. आपण काय करितों? शेजाऱ्याच्या घरांत दारू शिरली, सावकाराचें व्याज चढलें, भावाभावांत वैर पेटलें, हें आपणांस लांबून दिसतें. आपण मनांत त्याचें चित्र घेतों, आणि तें त्या घरीं न सांगतां पारावर चारचौघांस दाखवितों! दोन्ही ठिकाणीं चित्र एकच. पण एकांत लोकांची करमणूक होते, आणि दुसऱ्यांत घर वांचतें.

मी स्वतः यांत दोषी आहें. एका तरुणाचें कर्ज वाढतांना मीं पाहिलें, आज सांगूं, उद्यां सांगूं, असें म्हणत राहिलों. आणि एके दिवशीं त्याच्या दारास कुलूप दिसलें. तें कुलूप मला अजून दिसतें.

उपदेशक बंधूंनो, डोळा उघडा व मन स्थिर ठेवून वाट पाहा. आपल्या ज्ञानाचा गर्व धरूं नका. आणि संकट दिसलें म्हणजे, दिवस असो कीं रात्र, त्या घराचें दार ठोठवा व प्रीतीनें सांगा. ज्याच्या शब्दानें समुद्रावरचें वादळ शांत झालें, तो प्रभु आपणांस पाहणारे डोळे आणि सांगणारी जीभ देवो. आमेन.