भाव होता, पण बघितलं कुठं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



डबा-सेवेची मोटारसायकल मध्यंतरी भर दुपारी उड्डाणपुलावर बंद पडली, हे बेळगावातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आपल्या केंद्रातून रोज दुपारी सात घरी डबे जातात. सातही घरी एकटी, थकलेली माणसं. त्यासाठी एका गुरुबंधूंनी आपली जुनी शंभर सीसीची गाडी केंद्राला देऊन टाकली. चालवतो एक कॉलेजात जाणारा मुलगा. गाडी सगळ्यांची. म्हणजे पेट्रोलला पैसे द्यायला सगळे, आणि बाकीचं बघायला कुणीच नाही.

ती का बंद पडली आणि त्यात माझा वाटा किती, हे लिहायला मला बरेच दिवस लागले. आज लिहिते.

पावसाळ्यात एका सकाळी त्या मुलानं ग्रुपवर टाकलं, "गाडीचं ऑइल कमी झालंय वाटतं, कुणीतरी बघा." खाली अकरा जणांचे जोडलेले हात आले. शब्दांत उत्तर एकाचंही नाही. पण तिघांनी मनावर घेतलं, आणि गंमत म्हणजे तिघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. गुप्त सेवा! केलेलं बोलून दाखवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना.

पहिले आमचे एक काका. त्यांच्या घरी ऑइलचा डबा होता. त्यांनी संध्याकाळी येऊन झाकण काढलं, अंदाजानं पाव लिटरभर ओतलं आणि गेले. किती आहे, किती हवंय, काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी. आणि ग्रुपवर कुणीच काही बोलत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी एका ताईंनी यजमानांना पाठवून अर्धी बाटली रिकामी करून घेतली.

मी मात्र बघून ओतलं. हे मुद्दाम सांगते, कारण माझा सगळा ताठा त्यावर होता. अशा गाडीच्या इंजिनाला उजव्या अंगाला खाली एक झाकण असतं. ते फिरवून काढलं की त्याला आतून एक दांडी असते, तिच्यावर दोन खुणा, एक वरची, एक खालची. तेल या दोहोंच्या मध्ये दिसायला हवं. माझ्या मुलानं मागं कधी तरी मला हे दाखवलं होतं. मी फडक्यानं दांडी पुसली, परत आत घातली, बाहेर काढली. फक्त टोक ओलं! म्हटलं, अगंबाई, इंजिन कोरडंच की. पाव लिटर ओतलं, हात धुतले आणि आरतीला गेले. फार समाधान वाटलं त्या दिवशी.

चुकलं ते असं. मुलगा नुकताच डबे पोचवून आला होता आणि गाडी साइड स्टँडवर लावून आत गेला होता. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते. तेल डावीकडे उतरतं आणि उजवीकडच्या दांडीला कमी दिसतं. शिवाय इंजिन बंद केल्या केल्या तेल वरच्या भागात चढलेलंच असतं, खाली निथळायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणजे मी बघितलं खरं, पण वाकड्या गाडीत आणि घाईच्या वेळी. दांडी खोटं बोलली नाही. तिरक्या गाडीत जेवढं तिच्यापर्यंत पोचलं तेवढं तिनं दाखवलं.

चौथ्या दिवशी गाडी निळसर पांढरा धूर सोडत निघाली आणि पुलावर चढताना बसली. डबे दोन तास उशिरा पोचले. त्यातल्या एका आजींना मधुमेह आहे. डबा रोज पाऊण वाजता येतो म्हणून त्या साडेबाराला इन्शुलिन टोचून घेतात. त्या दिवशी इंजेक्शन झालं आणि जेवण आलंच नाही. शेजारच्या वहिनी सहज डोकावल्या तर आजी घामानं भिजलेल्या, हात थरथरतायत, बोलणं तुटक. त्यांनी प्रसंगावधान राखून साखरपाणी पाजलं. आजी आता बऱ्या आहेत. त्या वहिनी डोकावल्या नसत्या तर, यापुढचं मी लिहीत नाही.

गुरुवारी सत्संगानंतर विषय निघाला. एक जण त्या मुलाला म्हणाले, "तू गाडी पळवतोस, म्हणून ही वेळ आली." मुलगा मान खाली घालून गप्प. मी तिथंच वाती वळत बसले होते. मीही गप्प. मनात हिशोब चालला होता की माझं तर पाव लिटरच, तेही बघून घातलेलं, दुसरं काही तरी बिघडलं असणार. चार दिवस तो मुलगा बोलणी खात होता आणि मी माझ्या पाव लिटरला कवटाळून बसले होते. ऑइल ओतण्यापेक्षा हे वाईट होतं, असं आता मला वाटतं.

सोमवारी त्याच्याबरोबर मी मिस्त्रीकडं गेले. त्यानं गाडी सरळ उभी करून दांडी काढली. वरच्या खुणेच्या कितीतरी वरपर्यंत तेल. खालचा बोल्ट सैल करून त्यानं जादाचं तेल ट्रेमध्ये काढलं. एअर फिल्टर तेलानं माखलेला होता तो बदलला, प्लग साफ केला. मग मला म्हणाला, "काकू, तेल कमी असलं तरी इंजिन बसतंय, जास्त असलं तरी बसतंय. जास्त घातलं म्हणून जास्त चालत नाही बघा."

मला हे पटेना. जास्त तेलानं काय बिघडतं? फोडणीत तेल जास्त झालं तर फार तर तवंग येईल. त्यानं समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. इंजिनाच्या पोटात खाली तेल साठलेलं असतं आणि त्याच्या वर क्रँक फिरत असतो, मिनिटाला हजारो फेरे. तेल जागच्या जागी असलं तर ठीक. पातळी फार वर आली की क्रँक त्यात बुडून ते घुसळायला लागतो, रवी ताकात फिरावी तसा. फेस येतो. फेस म्हणजे निम्मी हवा, आणि हवेनं काही लोखंडाची झीज थांबत नाही. शिवाय आतला दाब वाढून तेल श्वासनळीसारख्या एका नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जातं, तिथून परत इंजिनात जाऊन जळतं. त्याचा तो धूर. म्हणजे तेल अती झालं की इंजिनाला ते कमी पडल्यासारखंच होतं. हे ऐकून मी दुकानातच स्टुलावर बसले.

कारण हे मी बाहेरही बघितलंय. घरात कुणी गेलं की पहिल्या तीन दिवसांत इतके डबे येतात की घरातल्या माणसांना उरलेल्या भाताचं काय करायचं याचीच काळजी लागते. आणि विसाव्या दिवशी, पाहुणे परतल्यावर, चूल पेटवायचं बळ नसतं तेव्हा दार वाजवायला कुणी नसतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्यांना पूर आला, तेव्हा आम्हीही साड्यांची गाठोडी बांधली होती. तिथं काय हवंय, हे कुणाला तरी फोन करून विचारावं, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. कपाट मोकळं झालं याचा आनंद मात्र झाला, हे कबूल करते.

आता मूळ प्रश्नाकडं येते. आपल्यातल्या एका ज्येष्ठ साधकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, देव भावाचा भुकेला. तुमचा भाव शुद्ध होता ना, मग झालं." त्यांचा मला फार आदर आहे, पण हे उत्तर घेऊन मी घरी आले आणि ते काही माझ्या गळी उतरेना. देव भावाचा भुकेला असेल. त्या आजी त्या दुपारी भाकरीच्या भुकेल्या होत्या. माझा भाव त्यांच्यापर्यंत पोचला तो पुलावर अडकलेल्या डब्याच्या रूपानं.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कोणतं ते सांगताना नुसता भाव पुरेसा धरलेला नाही. जागा, वेळ आणि घेणारा, तिन्ही बघायला सांगितलंय. अठराव्यात तर आणखी कडक आहे. परिणाम काय होईल, कुणाचं नुकसान होईल, आपल्याला झेपेल का, हे न बघता मोहानं सुरू केलेलं कर्म तामस म्हटलंय. मी आजवर तामस म्हणजे आळशी, झोपाळू असं समजत होते. उत्साहानं बाटली घेऊन धावणारी बाईसुद्धा त्यात बसू शकते, हे मला नवीन होतं. मोह म्हणावं तर कसला? "मी केलं" या समाधानाचाच, दुसरा कुठला.

पण इथं एक पेच आहे. मिस्त्रीच्या अंदाजानं सुरुवातीला तेल पाव लिटरच कमी होतं. म्हणजे काकांनी ओतलं तेवढंच हवं होतं! त्यांनी न बघता ओतलं आणि ते बरोबर ठरलं. मी बघून ओतलं आणि चुकलं. मग चांगलं कर्म कुणाचं? निकालावर जायचं तर काकांचं. पण उद्या ते दुसऱ्या गाडीत तसंच ओततील, तेव्हा अंदाज बरोबर येईलच असं नाही. त्यांचं बरोबर आलं ते नशिबानं, आणि नशिबाचं श्रेय कुणी स्वतःकडं घेऊ नये असं मला वाटतं. माझी चूक मात्र मला काकांच्यापेक्षा मोठी वाटते. ज्यानं बघितलंच नाही त्याला निदान शंका तरी येऊ शकते. मी बघितलं होतं, त्यामुळं मला शंकाच आली नाही, आणि गुरुवारी मी गप्प बसले तीही त्या खात्रीच्या जोरावर.

आणि ते हात जोडणारे अकरा जण? गाडीच्या बाजूनं बघाल तर त्यांनी आमच्याइतकं नुकसान केलं नाही. मग काही न करणंच बरं का? याचं उत्तर मी शोधतेय. आधी वाटलं, नाही, तिघांनी निदान काही तरी केलं. नंतर वाटलं, आमच्यापैकी एकानं जरी ग्रुपवर "मी बघितलं, इतकं घातलं" एवढं लिहिलं असतं, तर बाकीचे दोघे थांबले असते. बोलून न दाखवण्याच्या आमच्या विनयानंच गाडी बुडाली. गुप्तदान पैशाचं असू दे, पण जिथं दहा हात एकाच भांड्यात पडतात तिथं गुप्त राहणं हा गुण धरावा का, यावर वाचकांनी विचार करावा. मला तरी आता तसं वाटत नाही.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं. काका आणि ताईंनीही आपापलं सांगितलं. मुलाची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "जाऊ दे ओ काकू," पण त्याचे डोळे भरले होते.

आता केंद्राच्या कपाटात दोरीला एक वही बांधलीय. दर रविवारी सकाळी एक जण गाडी बघतो. सपाट जागेवर मधल्या स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, आणखी दोन-तीन मिनिटं थांबायचं. दांडी पुसून आत घालायची, आमच्या गाडीत आटे न फिरवता नुसती टेकवायची (प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते बघावं), मग बाहेर काढून बघायचं. कमी असेल तरच घालायचं, तेही थोडं थोडं, दर वेळी परत मोजून. ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं, मोटारसायकलचंच. घरातलं कारचं उरलेलं आणू नये, मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि काही कार-ऑइलनं तो घसरतो. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नये, आतली घाण उचलायची तर ते काळं होणारच. त्यापेक्षा बदलायच्या तारखेवर लक्ष ठेवावं. काढलेलं जुनं तेल गटारात न ओतता मिस्त्रीकडंच द्यावं.

वहीत तारीख, पातळी, किती घातलं आणि नाव लिहायचं. काकांनी विचारलं, "काहीच घातलं नाही तर काय लिहायचं?" म्हटलं, तेच लिहा, बघितलं, काही घातलं नाही. त्यांना ते थोडं विचित्र वाटलं. परवाच्या रविवारी त्यांचीच पाळी होती. वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात आहे, "पातळी मध्यावर. घातलं नाही."

पुढच्या दोन रविवारांच्या जागा अजून रिकाम्या आहेत. ज्यांना जमेल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर सांगावं. भगिनींनीही सांगावं, दाखवायला मी आणि तो मुलगा दोघं आहोत.

श्रीसद्गुरुचरणी अर्पण.

एक सेविका, टिळकवाडी, बेळगाव