वाट बंद झाली म्हणजे

आधार : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16, वचने 6 ते 10.



आमच्या राजारामपुरीच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे परका मनुष्यही तेथे सहसा चुकत नाही. डोंगरात तसे नाही. काल पायाखाली असलेली वाट आज ओढ्याखाली गेलेली असते.

2019 सालच्या जुलै महिन्याच्या अखेरीस मंडळीतील नऊ तरुणांस घेऊन मी पन्हाळ्याहून पावनखिंडीस पायी निघालो. 1660 सालच्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून भर पावसात ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, तीच ही वाट. आणि बाजी प्रभूंनी प्राण वेचिला तीच ही खिंड. दोन दिवसांत खिंड गाठू, असे मी आदल्या रविवारी उपासनेनंतर सर्वांसमक्ष सांगून ठेविले होते.

म्हसाईचे पठार ओलांडेपर्यंत धुके इतके दाटले की दहा हातांवरचे दिसेना. पुढे उतारावर एक ओढा गढूळ पाण्याने फुगून धावत होता. काठावरचा गुराखी म्हणाला, "पाव्हणं, आज ह्यात पाय घालू नका. काठी बी ठरायची न्हाई." एक तरुण म्हणाला, "पाळकसाहेब, दोर आहे, जाऊ या." खरे सांगतो, माझ्याही मनात तेच होते. रविवारी लोकांस काय सांगावे, ही लाज मला पाण्याच्या भयाहून मोठी वाटत होती. आपल्या शब्दाची अब्रू राखण्यासाठी आपण लोकांची नऊ लेकरे पणास लावीत आहो, हे ध्यानात आले, तेव्हा मी मागे वळलो.

गुराख्याने आम्हांस एका आडरानातील धनगरवाड्यावर नेले. तेथे एक म्हातारी चार दिवस तापाने पडून होती. चिखलामुळे गाडी वर येत नव्हती. घरचे कर्ते मुलगे कामाकरिता शहरांत होते. डोलीस खांदे पुरत नव्हते. सकाळी आमच्या तरुणांनी वाड्यातल्या माणसांबरोबर बांबूस घोंगडे बांधिले आणि आळीपाळीने तिला डांबरी रस्त्यापर्यंत नेले. तेथून ती जीपने दवाखान्यात गेली. आमची खिंड मात्र राहिली.

पौलाचेही असेच झाले. त्याला आशियात वचन सांगावयाचे होते, पण आत्म्याने मनाई केली. बिथुनियाकडे वळला, तेथेही जाऊ दिले नाही. शेवटी तो समुद्रकाठी त्रोवसास आला, आणि रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा एक मनुष्य साहाय्यासाठी विनवणी करीत असलेला त्यास दिसला. मनाई कोणत्या रीतीने झाली हे शास्त्र सांगत नाही. आपणांस ती एखाद्या गुराख्याच्या तोंडूनही होऊ शकेल. तेव्हा ज्याला त्या मुलखाची माहिती आहे, तो आपल्या मंडळीचा नसला तरी त्याचे ऐका.

परंतु येथे दोन गोष्टींविषयी सावध असावे. पहिली ही की, आपल्या आळसास देवाने वाट बंद केली असे नाव देऊ नये. पौल बंद वाटेपाशी बसून राहिला नाही. तो पुढच्या वाटेने चालत राहिला. दुसरी ही की, बदललेली वाट सुखाचीच असते असे समजू नये. मासेदोनियात फिलिप्पै येथे त्याला फटके व बंदिवास मिळाला. आणि आम्हांस धडा मिळावा म्हणून देवाने त्या म्हातारीस आजारी पाडिले, असे तर मी कदापि म्हणणार नाही. ती अगोदरच तेथे पडून होती. आम्हीच त्या वाटेने जाणार नव्हतो.

उपदेशक बंधूंनो, पावसाळ्यात कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती फुगल्या म्हणजे तुमच्या ठरलेल्या सभा राहतात. शेतकरी बंधूंनो, तुमची पेरणी वाहून जाते, मुलाची नोकरी हुकते. तेव्हा मन खट्टू होईल, आणि त्यात पाप नाही. पण घरी परतण्यापूर्वी, ज्या वाडीपाशी पाय थांबले तेथे कोण खांद्याची वाट पाहत आहे, एवढे विचारून पाहा.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून, खिंड गाठली नाही, असे सांगितले. कोणी हसले नाही. त्या म्हातारीचा ताप उतरला काय, एवढेच सर्वांनी विचारले.

प्रभु आपणां सर्वांस मागे वळण्याची नम्रता आणि पुढे चालण्याचे बळ देवो. आमेन.